दुसऱ्या काट्याचा पत्ता

सकाळी सात-चाळीसची यवतमाळ गाडी बाभुळगावच्या स्टँडवर लागायची. मी पोचायचे तेव्हा नुजहत आधीच येऊन बसलेली असे. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट, खिडकीची बाजू, मांडीवर डबा आणि डब्यावर निळ्या पुठ्ठ्याची जाड वही. शेजारच्या जागेवर ओढणीचं टोक टाकून ती माझ्यासाठी जागा धरी. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ती लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. त्याच जिनिंगमध्ये माझे बाबा, धर्मपाल, वजनकाट्यावर होते. ते आमच्या गाडीनं येत नसत. कापसाच्या मोसमात त्यांना सहालाच निघावं लागे.

ही गोष्ट दोन हजार सातच्या हिवाळ्यातली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार यायची. कॅमेरे घेऊन, वह्या घेऊन, कधी नुसतीच हात जोडून. मारेगावकडून परतणारी अशी एक गाडी एकदा जिनिंगसमोर थांबली आणि तिच्यातल्या बाईंनी नुजहतला विचारलं, इथल्या मुलींना भविष्याबद्दल काय वाटतं. नुजहत म्हणाली, "पाच मिनिटं थांबा, बॅटरीत पाणी टाकून येतो, मग सांगतो." ती परत आली तेव्हा गाडी निघून गेली होती.

तिचे अब्बा, जब्बारभाई, बाभुळगावात ऑइल इंजिनं आणि मोटारपंप दुरुस्त करायचे. चार पत्र्यांचं दुकान, दारात उघडी पडलेली इंजिनं. नुजहत थोरली, म्हणून शाळेतून आली की पाने-पकडी हातात देण्याचं काम तिचं. बिघडलेल्या इंजिनापुढे जब्बारभाई आधी बराच वेळ नुसते उभे राहत. गिऱ्हाईक कावून जाई. ते म्हणत, "मशीन झूट बोलत नाही म्हणते लोकं. बोलते ना. पण आपल्या ठरल्या टायमालेच बोलते. तो टाइम सापडला का झालं."

पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती जिनिंगमध्ये लागली. पुढे बरीच वर्षं तिनं जिल्हाभरातल्या काट्यांची कामं केली, यवतमाळला स्वतःचं दुकान टाकलं, लग्न तिच्या वेळेला आणि तिच्या पसंतीनं केलं. पण बावीस-तेवीसची असताना तिला दारव्ह्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या फुफूनं, म्हणजे आत्यानं सांगितलं, आमच्याकडे सुना कामाला जात नाहीत. नुजहत म्हणाली, "मग चहा घ्या तुम्ही, थंडा होऊन राह्यला." तिच्या अम्मीनं चार दिवस तिच्याशी अबोला धरला. जब्बारभाई दुकानात जाऊन हसले, असं मला तिच्या धाकट्या बहिणीनं, रौशननं सांगितलं.

जिनिंगच्या आवारात दोन काटे होते. पहिला ऑफिसच्या भिंतीला लागून, दुसरा फाटकाजवळ, शंभर पावलं दूर. जमिनीत बसवलेले लोखंडी पाट, त्यांच्यावर ट्रॉली किंवा बैलबंडी चढवायची. दोन्हींच्या वायरी ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरला आलेल्या. खिडकीशी दोन बटनं आणि एक लहान प्रिंटर. गाडी स्थिर झाली की त्या काट्याचं बटन दाबायचं, चिठ्ठी बाहेर येई. चिठ्ठीवर वजन आणि वेळ छापलेली असे. कापूस आणणाऱ्या कास्तकाराचं नाव बाबा हातानं लिहीत.

कॉम्प्युटर आणि काटे जिनिंगच्या मालकानं, शेठनं नागपूरच्या एका लहान कंपनीकडून बसवून घेतले होते. कंपनी वर्षभरात बंद पडली. प्रोग्राम लिहिणारा मुलगा कुठे परदेशी गेला म्हणे. जाताना कंपनीवाल्यानं एक सीडी दिली होती, तिच्यात प्रोग्राम लिहिला होता तसाच्या तसा होता. ती सीडी दोन महिने चहाच्या ग्लासाखाली होती. नुजहत लागली त्या दिवशी तिनं ती उचलली, ओढणीनं पुसली आणि आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. "हे कायले पाहिजे तुले?" शेठनं विचारलं. "घरात राहायचं त घराचा नकाशा नको का, शेठ?" ती म्हणाली.

दिवाळीनंतर भानगड सुरू झाली. आधी एका माणसाची चिठ्ठी तीन क्विंटलनं कमी आली. त्याला वाटलं आपलाच अंदाज चुकला. आठवड्यानं अजून एकाचं तसंच झालं, तोही कुरकुरत गेला. तिसऱ्या वेळी मंगळवारी दुपारी लालसिंग आला. लालसिंग नेर रस्त्यावरच्या तांड्याचा, बंजारा कास्तकार, आवाज मोठा. त्याची ट्रॉली दुसऱ्या काट्यावर होती. त्याच वेळी पहिल्या काट्यावर बाबांचे चुलतभाऊ संघदीपकाका यांची ट्रॉली. दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या, बाबांनी नावं लिहिली, गाड्या रिकाम्या व्हायला आत गेल्या. रिकाम्या गाड्यांचं वजन वजा करून कापसाचा आकडा आला तेव्हा लालसिंग खिडकीशी येऊन उभा राहिला.

"धर्मपालभाऊ, मी एकोणीस क्विंटल भरून आणलं. हे बारा काय आहे?"

बाबांनी चिठ्ठी पाहिली. "मशीननं देल्लं ते आहे."

"आन् तुह्या भावाचं बारा होतं, त्याचं एकोणीस कसं झालं?"

आवारात पन्नासेक माणसं होती. सात क्विंटल म्हणजे त्या वर्षी एखाद्याची दोन वेचण्यांची मेहनत. मग सगळे एकदम बोलू लागले. चिठ्ठ्या बदलल्या, नावं बदलली, भावाचं भलं केलं. संघदीपकाका शपथा घेत होते की माझा कापूस बाराच होता, मला जास्तीचा नको. त्यांच्या शपथांनी प्रकरण अजूनच संशयाचं झालं.

शेठ बाहेर आले. नुजहतनं खिडकीतून सांगितलं, "शेठ, एक वेळ मशीन पाहू द्या."

"मशीनमध्ये काय पाहते? कॉम्प्युटरले काय भाऊबंद आहे?"

लोक हसले. बाबांनी हातातला पेन खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि ते बाहेर पडले. अठरा वर्षं त्यांनी काटा सांभाळला होता, लोखंडी वजनांचा होता तेव्हापासून.

फाटकाजवळ एक काळा फळा होता. त्याच्यावर रोजचा भाव लिहीत. त्या संध्याकाळी भावाच्या खाली शेठनं स्वतःच्या हातानं लिहिलं: काटेवाला धर्मपाल याला गैरप्रकारामुळे कामावरून कमी केले आहे.

बुधवारी शेठनं नुजहतपुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. कॉम्प्युटर आणि काटे व्यवस्थित चालू आहेत, त्यांच्यात कोणताही दोष नाही, असं त्यात होतं. खाली तिच्या सहीची जागा.

"शनिवारी धर्मपालची तक्रार पोलिसात द्यायची आहे, बेटा. तुझी सही लागते. तू डिप्लोमावाली आहेस."

"दोष नाही हे मले माहीत नाही, शेठ."

"मग आहे हे माहीत आहे?"

"तेही नाही."

"मग सही कर. नाही केली त सोमवारपासून तूही नको येऊ."

"शनिवारपर्यंत टाइम आहे न? शनिवारी सांगतो."

घरी बाबा दोन दिवस अंगणात बाजेवर बसून होते. येणारा प्रत्येक जण सांगे, शेठकडे जा, हात जोड, वीस वर्षांची ओळख आहे. बाबा प्रत्येकाला एकच सांगत, "हात मी कामासाठी ठेवले आहेत." आई आत भाकऱ्या थापत ऐके. मला कॉलेजात कोणी विचारलं नाही, पण बाभुळगावात मुली माझ्याकडे पाहून बोलणं थांबवत.

गुरुवारी गाडीत नुजहतनं वही उघडून माझ्यापुढे धरली. तिनं तिन्ही चुकलेल्या चिठ्ठ्यांच्या वेळा उतरवून आणल्या होत्या. तीन चाळीस, चार दहा, तीन पन्नास.

"काय दिसते?"

"तिन्ही दुपारच्या आहेत."

"दुपारच्या नाही. लोडशेडिंगनंतरच्या. बारा ते साडेतीन लाइन जाते. ती आल्यावरच्या आहे तिन्ही."

लाइन रोजच जात होती. रोज चुका काहून होत नाहीत, ते मी विचारलं. ती म्हणाली, "तेच पाहून राह्यली."

ती पाहत होती ती लोडशेडिंगच्या वेळातच. लाइन गेली की जिनिंगची यंत्रं बंद पडत, आवार थंड होई, माणसं ट्रॉलीच्या सावलीत डबे उघडत. कॉम्प्युटर आणि पहिला काटा बॅटरीवर चालू राहत. दुसरा काटा फाटकाच्या लाइनवर होता, तो मरे आणि साडेतीनला पुन्हा जिवंत होई. नुजहत त्या साडेतीन तासांत पडद्यासमोर बसून तो प्रोग्राम वाचत होती. जिनिंगमध्ये इंटरनेट नव्हतं. पण त्या कॉम्प्युटरच्या पोटातच त्याची सगळी मार्गदर्शक पानं इंग्रजीत भरलेली होती. एखाद्या शब्दाचं नाव टाकलं की त्याचं पान उघडे. अडलेला इंग्रजी शब्द ती माझ्या जुन्या डिक्शनरीत पाही आणि अर्थ वहीत लिही.

गुरुवारी दुपारी ती एका नावापाशी अडली. आर्च पीआरसीटीएल. त्याचं पान लहान होतं, दीड-दोन पडदे. त्या पानानं तर हेही सांगून टाकलं होतं की हा कॉल, म्हणजे मशीनच्या मूळ यंत्रणेला घालायची ही हाक, वापरायचा असेल तर त्याची ओळख प्रोग्राममध्ये तुमची तुम्हीच लिहून घ्या, तयार मिळणार नाही. नुजहतला ते पान आवडलं. तिनं ते पूर्ण वहीत उतरवलं.

संध्याकाळी ती आमच्या अंगणात आली. जब्बारभाईही सोबत होते. तिनं बाबांसमोर दोन वाट्या ठेवल्या, दोन काट्यांच्या दोन.

"काका, प्रोग्राममध्ये दोन थ्रेड आहे. थ्रेड म्हणजे काम करणारा एक गडी समजा. एक गडी पहिल्या काट्याचं वजन घेते, दुसरा दुसऱ्याचं. दोघांची आपापली वाटी आहे. आलेलं वजन आपल्या वाटीत टाकायचं आन् बटन दाबलं का तिथूनच उचलून छापायचं."

"बरं."

"कोणती वाटी आपली, हे गड्याले कसं समजते? त प्रोसेसरमध्ये एक जागा आहे, तिच्यात वाटीचा पत्ता असते. हा गडी कामावर आला का त्याचा पत्ता तिथं येते, तो आला का त्याचा. पण गड्याले स्वतः तिथं पत्ता लिहिता येत नाही. कर्नलले सांगा लागते, माझा पत्ता हा ठेव."

"कर्नल कोण?"

"कॉम्प्युटरचा तलाठी समजा. त्याच्याशिवाय नोंद होत नाही. तर हे सांगणं म्हणजे तो कॉल."

जब्बारभाई बाजेच्या कडेला टेकले होते. "मग बिघाड कुठं आहे, ते सांग न."

"सकाळी मशीन सुरू होते तेव्हा पहिला गडी दुसऱ्याले जन्माले घालते. दुसरा उठल्याबरोबर कॉल करून आपला पत्ता लावून घेते. दिवसभर ठीक. पण लाइन गेली का दुसरा काटा मरते, तो गडीही मरते. साडेतीनले लाइन आली का पहिला गडी नवीन दुसरा गडी पैदा करते. आन् तिथं त्या नागपूरवाल्यानं कॉल लिहिलाच नाही."

"मग त्याले पत्ताच नसते?"

"असते न, काका. बापाचा असते. नवीन गडी जन्मला का बापाचाच पत्ता घेऊन येते. स्वतः मागून घेतला नाही तर तोच चालू राह्यते. म्हणून तो दुसऱ्या काट्याचं वजन पहिल्याच्या वाटीत टाकून राह्यला." तिनं एक वाटी उचलून बाजूला ठेवली. "आता दोघं एकाच वाटीत टाकते. एकावेळी एकच गाडी असली तर काही बिघडत नाही. दोन्ही काट्यांवर संगंच असल्या का मग शेवटी ज्यानं टाकलं त्याचं वजन निघते. कधी बरोबर, कधी उलटं."

बाबांनी ती उरलेली वाटी उचलून आत पाहिलं. मग पहिल्यांदाच त्या तीन दिवसांत ते हसले.

"म्हणजे बापाचा पत्ता आपोआप सुटत नाही म्हणते तू. उठून सांगा लागते का माझा हा."

"हाव."

"आमच्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन हेच केलतं."

जब्बारभाई म्हणाले, "तेव्हा लोडशेडिंग नव्हती, धर्मपालभाऊ." दोघंही हसले आणि आईनं आतून चहा ठेवल्याचं सांगितलं.

नागपूरच्या त्या मुलाचा दोष काढायला नुजहत तयार नव्हती. त्यानं कॉम्प्युटर चालू ठेवून फक्त एक काटा बंद पडलेला कधी पाहिलाच नसेल, ती म्हणाली. त्याच्या टेबलावर सगळंच एका बटनावर चालत असेल. रोज साडेतीन तास अर्धं मेलेलं आणि अर्धं जिवंत राहणारं आवार त्याला कसं सुचणार?

शुक्रवारी तिनं शेठला सांगितलं की सापडलं आहे, उद्या दाखवते. बाबांनाही बोलावलं. बाबा म्हणाले, फळ्यावर ते नाव आहे तोपर्यंत फाटकात पाय ठेवणार नाही. म्हणून शनिवारी मी एकटी गेले.

आवारात त्या दिवशी चाळीसेक गाड्या होत्या. लालसिंगही दुसरी खेप घेऊन आला होता, रांगेत पुढे. मशीन सकाळीच नव्यानं सुरू केलं होतं, म्हणजे आत्तापर्यंतच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. नुजहतनं चौकीदाराला फाटकाजवळच्या पेटीतला दुसऱ्या काट्याचा फ्यूज काढायला सांगितला. एक मिनिट थांबून परत लावायला लावला.

"एवढंच?" शेठ म्हणाले.

"लाइन गेली आन् आली. आता तुमची जीप दुसऱ्या काट्यावर घ्या, शेठ. तुम्हीही बसून राहा. पहिल्यावर ती रिकामी बंडी ढकला, बैल सोडून."

शेठ जीपमध्ये बसून राहिले. नुजहतनं दुसऱ्या काट्याचं बटन दाबलं, चिठ्ठी फाडली आणि ती स्वतः न वाचता लालसिंगच्या हातात दिली.

लालसिंगनं वाचलं. "साडेतीन क्विंटल." त्यानं जीपकडे पाहिलं. "शेठसकट साडेतीन."

आवारात हसू फुटलं. सरकीच्या ढिगाजवळ कापूस गोळा करणारी रुखमाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाप्पा, शेठ उपास करते काय आजकाल?"

"अजून दाबतो," नुजहत म्हणाली. या वेळी सोळा क्विंटल वीस किलो. तिसऱ्यांदा पुन्हा साडेतीन. जीप जागची हलली नव्हती, बंडीही नाही. चिठ्ठ्या हातोहात फिरत राहिल्या. हसणं हळूहळू थांबलं. प्रत्येकाला आपली एखादी दुपार आठवत असावी.

शेठ उतरले, ऑफिसात आले. मी दारात होते.

"दुरुस्तीले किती टाइम लागेल?"

"एक ओळ आहे. दहा मिनिटं."

"मग कर लवकर. साडेअकरा झाले, बाराले लाइन जाते."

नुजहत खुर्चीवर बसली. तिनं प्रोग्राम उघडला, ती जागा पडद्यावर आणली, आणि हात मांडीवर ठेवले.

"आधी फळा, शेठ."

"फळा पाहू नंतर. बाहेर चाळीस गाड्या आहे."

"मलेही दिसून राह्यल्या."

"मी नागपूरहून माणूस बोलावीन."

"बोलवा. चार दिवसानं येईल तो. त्याले हे पान दाखवजा, लवकर समजेल." तिनं वही शेठकडे सरकवली. "तोपर्यंत एका काट्यावर चालवा."

"नोकरी जाईल तुझी, नुजहत."

"जाऊ द्या. पण त्या कागदावर सही बी नाही होणार आन् ही ओळ बी नाही लिहिणार. एका माणसाचं नाव तिथं चार दिवसापासून आहे. येणारा-जाणारा भाव वाचते आन् मग ते वाचते."

तिचा आवाज चढला नव्हता. हात मात्र मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. ते फक्त मला दिसत होतं. घरी अजून चार बहिणी होत्या, आणि पंप दुरुस्तीला आणणारी माणसं त्या वर्षी कमी झाली होती.

शेठ खिडकीकडे वळले. बाहेर लालसिंगचा ट्रॅक्टर पहिल्या काट्यावर चढत होता. त्यानं खिडकीतलं सगळं ऐकलं असणार. काट्याच्या मधोमध आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरला. मागच्या दोन ट्रॉल्यांवर त्याच्या तांड्याची माणसं होती. त्यांना तो गोरबोलीत काहीतरी बोलला. त्यांचीही इंजिनं बंद झाली.

"हे काय, लालसिंग?"

"काही नाही शेठ. धर्मपालले चोर मीच पयले म्हटलं, पन्नास माणसांत. माझे सात क्विंटल मले पाहिजे, ते मी सोडत नाही. पण हे पुसल्याशिवाय मी या काट्यावरून हालत नाही."

शेठनं चौकीदाराला हाक मारली आणि फळ्याकडे बोट केलं. चौकीदार फडकं घेऊन निघाला. रुखमाबाई वाटेत होती. तिनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि शेठसमोर धरलं. "तुमच्या हातचं अक्षर आहे शेठ ते. याले काय वाचता येते?"

मला वाटलं, आता शेठ भडकतील. पण त्यांनी फडकं घेतलं, फळ्यापर्यंत जाऊन ती ओळ पुसली. भाव तसाच ठेवला. खडू घेऊन लिहायला लागले: कॉम्प्युटरच्या चुकीमुळे.

"शेठ," नुजहत खिडकीतून म्हणाली, "कॉम्प्युटरनं त्याले सांगितलं तेच केलं. त्याच्यावर कायले ढकलता? जिनिंग लिहा."

खडू थांबला. शेठनं तळहातानं ते पुसलं आणि नव्यानं लिहिलं. वजनातील चूक जिनिंगची होती. धर्मपाल यांचा दोष नव्हता. तिन्ही चिठ्ठ्या दुरुस्त करून मिळतील. शेवटचं वाक्य त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून लिहिलं, हेही सांगायला हवं.

नुजहतनं ओळ लिहायला घेतली. नवीन गडी जन्मला त्याच्या पुढच्याच ओळीत तिनं तो कॉल टाकला, दुसऱ्या वाटीचा पत्ता दिला, आणि कर्नलकडून काय उत्तर येतं ते पडद्यावर दिसावं अशी सोय केली. दहा मिनिटं म्हणाली होती, वीस लागली. एकदा तिचंच काही चुकलं आणि मशीननं ओळ नाकारली. तिनं ओठ चावला, पानाकडे पाहिलं, दुरुस्त केलं, प्रोग्राम नव्यानं सुरू केला. तेवढ्यात लाइन गेली.

लालसिंगनं ट्रॅक्टर काट्यावरून खाली घेतला. माणसं डबे घेऊन सावलीला बसली. मी चौकीदाराच्या मोबाइलवरून शेजारच्या घरी फोन लावला आणि फळ्यावर काय लिहिलं आहे ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अक्षर कोणाचं आहे?" मी सांगितलं. "येतो," ते म्हणाले.

ते दोनच्या गाडीनं आले. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी फळा वाचला, एकदा चष्म्यानं, एकदा चष्मा काढून. ते आत आले, शेठसमोरून गेले, नमस्कार केला नाही. खिडकीशी आल्यावर त्यांनी कठड्यावर हात फिरवून धूळ झटकली.

साडेतीनला फाटकाजवळचा दिवा लागला. पडद्यावर एक आकडा उमटला. शून्य.

"शून्य आलं," बाबा म्हणाले.

"शून्य म्हणजे झालं, काका. चुकलं असतं तर दुसरं काही आलं असतं. त्याले त्याचा पत्ता भेटला."

लालसिंगची ट्रॉली दुसऱ्या काट्यावर चढली. पहिल्यावर बाभुळगावच्याच कोणाची तरी बंडी आली. बाबांनी दुसऱ्या काट्याचं बटन दाबलं आणि चिठ्ठी नाव न लिहिता बाजूला ठेवली. पुन्हा दाबलं. पुन्हा. पहिल्याचं दाबलं, परत दुसऱ्याचं. पाच चिठ्ठ्या त्यांनी कठड्यावर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येक आकडा बोटानं तपासला. ट्रॉलीच्या चारही चिठ्ठ्या एकसारख्या होत्या. बंडीची वेगळी, बंडीसारखी.

 नुजहतनं सहीचा तो टाइप केलेला कागद उलटा करून प्रिंटरखाली सरकवला, कारण प्रिंटर जरा हलत होता.

लालसिंग खिडकीपुढे येऊन उभा राहिला होता. डोक्यावरचा फेटा काढून हातात धरलेला. "धर्मपालभाऊ, त्या दिवशी मी..."

बाबांनी चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलं, खाली आपली सही केली आणि चिठ्ठी त्याला दिली.

"गाडी पुढं घे," ते म्हणाले. "मागं लोकं थांबून आहे."